तिसऱ्या कडव्याला आवाज जातो

"एखादं गाणं येतं का तुम्हाला? म्हणा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी प्रवीणकडे पाहिलं. प्रवीण म्हणजे माझा नवरा. माझी फाइल मांडीवर घेऊन तो शेजारी बसला होता. न्यूरॉलॉजिस्टच्या, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांच्या, खोलीत गाणं म्हणायचं हे त्यालाही नवीन होतं. बाहेर वीस-पंचवीस पेशंट नंबर धरून बसले होते. डॉक्टरबाईंच्या हातात शाळेच्या दुरेघी वहीचं एक पान होतं आणि त्या ते पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

"यात लिहिलंय, पहिली दोन कडवी स्पष्ट. तिसऱ्याला आवाज नाकातून. चौथ्याला डावा डोळा अर्धा मिटला. मला तेच बघायचंय. लाजू नका."

मी म्हटलं. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी होणारं, लहानपणापासून पाठ असलेलं गीत. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर शब्द ढिले पडले. चौथ्याला मला दोन डॉक्टरबाई दिसू लागल्या.

त्यांनी बर्फाची पिशवी मागवली, रुमालात गुंडाळली आणि माझ्या मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरून ठेवली. पिशवी काढली तेव्हा डोळा उघडला होता. याला आइस पॅक टेस्ट म्हणतात. इतकी साधी तपासणी असते हे मला माहीत नव्हतं. त्याआधी माझ्या किती तरी महागड्या तपासण्या झाल्या होत्या.

"मायस्थेनिया ग्रेव्हिस," त्या म्हणाल्या. "रक्त तपासू, नसांची तपासणी करू, छातीचा सीटी स्कॅन करू. पण मला फारशी शंका राहिलेली नाही." मग ते पान वर धरून त्यांनी विचारलं, "हे कुठल्या डॉक्टरांनी लिहिलंय?"

"डॉक्टर नाहीत त्या," प्रवीण म्हणाला. "सोनवणेबाई आहेत. रिटायर शिक्षिका. चर्चमध्ये हिच्या मागच्या बाकावर बसतात."

डॉक्टरबाई हसल्या. मला हसता आलं नाही. म्हणजे खरोखरच हसता येत नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला होता.

हा आजार काय आहे ते मला समजलं तसं सांगते. नस स्नायूला हुकूम देते. तो हुकूम झेलायला स्नायूवर लहान लहान जागा असतात. या आजारात आपल्याच शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून त्या जागा अडवून बसते. पहिले काही हुकूम पोचतात, नंतरचे पोचत नाहीत. थोडं थांबलं की पुन्हा पोचतात. म्हणून सकाळी माणूस धडधाकट असतो आणि संध्याकाळी त्याच माणसाची पापणी उचलत नाही, घास चावला जात नाही, जीभ वळत नाही. दिसायला काही नाही. ताप नाही, सूज नाही, दुखणंही नाही.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, ठीक की नाही ते ठरवायचं. नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आणि पुढे बी.एस्सी. केलं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आईला अक्षरओळख नव्हती. चौथीत असताना पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मला गावच्या चर्चमध्ये शास्त्रवाचनाला, म्हणजे उपासनेत बायबलमधला उतारा वाचायला, उभं केलं. त्याची तयारी मी आठवडाभर घरी मोठ्यानं वाचून करायचे. रविवारी मी समोर उभी राहून वाचू लागले की आई बाकावर बसून माझ्याबरोबर ओठ हलवायची. ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालेलं असायचं. तेव्हापासून शास्त्रवाचन हे माझं काम झालं. लग्न होऊन मोशीला आले, चिंचवडच्या मराठी मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, नाव घातलं, तिथंही महिन्यातून दोन रविवार माझ्याकडेच असायचे. लोक म्हणायचे, विजयाताई वाचतात ते मागच्या बाकापर्यंत कळतं. मला त्याचा अभिमान होता. खरं सांगायचं तर मंडळीतली माझी जागा म्हणजे तेवढीच, असं मला वाटायचं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला कामावर पहिल्यांदा गडबड जाणवली. शिफ्ट संपायच्या सुमाराला मोजपट्टीवरची एक रेघ दोन दिसायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. नंबर ठीक होता, थेंब मिळाले. मग जेवताना अर्धी भाकरी झाली की जबडा थकायला लागला. दातांच्या डॉक्टरांनी अक्कलदाढ काढली. मग बोलणं. फोनवर सुरुवातीला नीट, पाच मिनिटांनी बोबडं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं, काही नव्हतं. एमआरआय झाला, त्यातही काही नव्हतं. शेवटी एका डॉक्टरांनी प्रवीणला बाजूला घेऊन सांगितलं की मॅडमना ताण आहे, झोपेची गोळी देऊ.

मी गोंधळून गेले होते. प्रत्येक डॉक्टर म्हणायचे काही नाही, आणि बाहेर आलं की दुपारपर्यंत काहीतरी असायचंच. मला स्वतःचाच संशय यायला लागला. मी नाटक तर करत नाही? प्रवीण तोंडानं काही बोलायचा नाही, पण एकदा तो चिडून म्हणालाच, "सकाळी डॉक्टरपुढे पोपटासारखी बोलतेस आणि घरी आलीस की असं. मी त्यांना दाखवू काय?"

चूक कुठे होत होती हे आता कळतं. मी प्रत्येक डॉक्टरांची वेळ सकाळी घ्यायचे. कंपनीत अर्ध्या दिवसाची सुट्टी सकाळची मागणं सोपं पडतं. आमच्याकडे मशीन सुरू झालं की पहिला पीस तपासतात, त्याला फर्स्ट पीस म्हणतात. तो ठीक आला तर उत्पादन चालू. पण टूल झिजत जातं, म्हणून शिफ्ट संपताना शेवटचा पीसही मोजावा लागतो. लास्ट पीस चुकवला म्हणून मी स्वतः दोन ऑपरेटरना बोलले आहे. आणि स्वतःच्या बाबतीत चार महिने मी डॉक्टरांना फक्त फर्स्ट पीस दाखवत राहिले. कोणीही बघितलं तरी तो ओकेच येणार.

आमची मराठी उपासना संध्याकाळी पाचला असते, सकाळी त्याच इमारतीत दुसऱ्या मंडळीची असते. त्या रविवारी कंपनीत ओव्हरटाइम होता. तीनला सुटून बसनं घरी, साडी बदलून पाचला चर्चमध्ये. शास्त्रवाचन माझं होतं आणि उतारा नेमका नावांनी भरलेला, अमक्याचा मुलगा तमका असा. सहाव्या-सातव्या ओळीला माझी जीभ जड झाली. दहाव्या ओळीपर्यंत मी काय वाचत होते ते मलाच कळेना. कसंबसं संपवून खाली येताना मागून एक पुरुषी आवाज आला, हळू, पण मला ऐकू येईल इतका: "घेतलीय का काय राव यांनी?"

कोणीतरी खुदकन हसलं.

उपासना सुटल्यावर दारात सोनवणेबाई भेटल्या. "सलाम विजया," त्या म्हणाल्या. आमच्यात तसंच म्हणतात. मी सलाम म्हटलं आणि हसले. म्हणजे हसायचा प्रयत्न केला. या आजारात ओठांचे कोपरे वर जात नाहीत, नुसता वरचा ओठ उचलतो आणि दात दिसतात. समोरच्याला वाटतं, हिनं आपल्याला वेडावलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की बाईंचा चेहरा उतरला आणि त्या चप्पल शोधायला लागल्या.

पुढच्या रविवारी मी संध्याकाळपर्यंतचा ओव्हरटाइम मागून घेतला. त्याच्या पुढच्याही. मग सवय झाली. मोबाइलवर एका मोठ्या शहरातल्या चर्चची उपासना थेट दिसायची. कुकर लावता लावता मी ती ऐकायचे. गाणी छान होती, प्रवचन छान होतं. मी स्वतःला सांगायचे की देव तर सगळीकडे आहे. ते खरंही आहे. पण मोबाइलला माझा आवाज ऐकू येत नव्हता. माझा डोळा मिटतोय हे तिथं कुणाला दिसत नव्हतं. पाच महिने मी उपासना पाहिली आणि पाच महिने मला कुणी पाहिलं नाही.

चिंचवडच्या पाळकसाहेबांचे दोन-तीन फोन आले. मी बोलणं बोबडं होईल म्हणून घेतले नाहीत.

आमच्या मंडळीत दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. वर्षाची यादी जानेवारीतच चर्चच्या फळ्यावर लागते, आडनावांच्या क्रमानं. मी येत नाही म्हटल्यावर माझं नाव काढलं असेल असं मी धरून चालले होते. एका बुधवारी सोनवणेबाईंचा फोन आला. चुकून घेतला.

"शुक्रवारी सभा तुझ्याकडे. सात वाजता. चहा कर, बाकी काही करू नकोस. मागच्या वेळी एकीनं पावभाजी केली आणि प्रार्थनेत सगळ्यांचं लक्ष स्वयंपाकघराकडे."

"बाई, मी तर हल्ली येत नाही ना चर्चला..."

"तू येत नाहीस म्हणून आम्ही यायचं नाही, असं कुठं लिहिलंय?"

आणि फोन ठेवला.

शुक्रवारी चौदा माणसं आमच्या दोन खोल्यांत बसली. मी पहिली शिफ्ट करून आले होते. सोनवणेबाई मुद्दाम माझ्या समोर बसल्या. त्या भांडायच्या तयारीनं आल्या होत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मी त्यांना वेडावलं हे त्या पाच महिने विसरल्या नव्हत्या. चहा देताना मी पुन्हा तशीच हसले असणार, कारण त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय गं, पदवी डोक्यात गेली का? माणसाला बघून तोंड वाकडं करतेस ते?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बोलायला गेले तर शब्द निघेना. पाळकसाहेब चटकन म्हणाले, "चला, गीत घेऊ या."

गीत सुरू झालं. मी मान खाली घालून म्हणत होते. बाई माझ्याकडे बघत होत्या, हे मला न बघताही कळत होतं. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत काढलेली बाई. वर्गात कोण नुसते ओठ हलवतंय हे त्यांना फळ्याकडे तोंड करूनही कळायचं म्हणतात. गीत संपलं आणि पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा साहेब. विजया, ते पुन्हा म्हण. पहिल्यापासून. एकटी."

"बाई, प्रार्थना..." पाळकसाहेब म्हणाले.

"देव थांबेल दोन मिनिटं. म्हण गं."

मी म्हटलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर ही माझी शोभा करणार. पण तिसऱ्या कडव्याला त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला. त्या पुढे सरकल्या, माझी हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे फिरवला आणि नातवाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "हा डोळा मघाशी उघडा होता."

मग त्यांनी मला दहा मिनिटं गप्प बसवलं. सगळ्यांनाच गप्प बसवलं. चौदा माणसं चहाचे रिकामे कप धरून भिंतीला टेकून बसली होती. दहा मिनिटांनी पुन्हा गाणं. पुन्हा दोन कडवी स्पष्ट, तिसऱ्याला आवाज गेला.

"दर वेळी तिसऱ्यालाच," बाई म्हणाल्या. "ताण आहे म्हणे! ताण कडवी मोजून येतो का?"

पुढचे चार दिवस त्या यमुनानगरहून रिक्षानं आमच्याकडे येत राहिल्या. दोनदा सकाळी, दोनदा संध्याकाळी. वहीच्या पानावर आडव्या-उभ्या रेघा मारून त्यांनी तक्ता केला. वार, वेळ, कडवं, आवाज, डोळा. आमच्या घरमालकीण आजी मूळच्या मोशीच्याच. तिसऱ्या दिवशी त्या न राहवून दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "आगं, ही बाई रोज येऊन एकच गाणं का म्हणाया लावती तुला? अजून पाठ न्हाई व्हय?"

"पाठ आहे, आजी," सोनवणेबाई म्हणाल्या. "पण शेवटपर्यंत पोचत नाही."

आजींनी थोडा विचार केला. "मंग दवाखान्यात न्या की. मास्तरणीचं काय काम?"

त्या दिवशी बाईंनीच प्रवीणला सांगितलं की मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घे आणि ती संध्याकाळची घे. हिला आधी थकू दे, मग ने. ते पान घेऊन आम्ही गेलो. पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

निदान झालं म्हणजे संपलं असं मला वाटलं होतं. तुमच्यापैकी कुणाला हा आजार निघाला तर हे लक्षात ठेवा, की सुरुवातीचे दिवस फसवे असतात. रक्तातली अँटिबॉडी तपासणी, म्हणजे आपल्याच विरुद्ध काम करणारे घटक शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली. सीटी स्कॅन ठीक होता. पायरिडोस्टिग्मिन नावाची गोळी सुरू झाली. ती हुकूम पोचवायला मदत करते, आणि जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली की मला घास चावता येऊ लागला. पहिली गोळी घेतल्यावर तासाभरात मी आरशात हसून पाहिलं. दोन्ही कोपरे वर गेले. मी बाईंना व्हिडिओ कॉल केला आणि नुसती हसत बसले. त्या म्हणाल्या, "पुरे. आता खर्च करू नकोस सगळं."

दुसरं औषध स्टेरॉइड. ते चालू केल्यावर आधी काही दिवस त्रास वाढू शकतो, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. तो वाढला. तिसऱ्या आठवड्यात पाणी प्यायले तर नाकातून बाहेर आलं. मान उचलून धरता येईना. प्रवीणनं दुपारीच रुग्णालयात नेलं आणि मला आयसीयूत घेतलं. याला मायस्थेनिक क्रायसिस म्हणतात. श्वासाचे स्नायूही थकण्याची भीती असते. नाकातून पोटात नळी घातली. आयव्हीआयजी, म्हणजे दान केलेल्या रक्तातून वेगळं काढलेलं औषध, पाच दिवस शिरेतून थेंब थेंब सोडलं.

तिथं दर दोन तासांनी सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, "ताई, एका श्वासात मोजा." एक, दोन, तीन... श्वास किती टिकतो ते त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी अकरापर्यंत पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ. ज्या आवाजानं मी चौथीत गाव गोळा केलं होतं त्याची आता नऊ आकडे एवढीच लांबी राहिली होती. आकडा आणखी खाली गेला तर व्हेंटिलेटर, म्हणजे श्वासाचं यंत्र लावावं लागेल, असं डॉक्टरबाई प्रवीणला सांगत होत्या. त्यांना वाटलं मी झोपले आहे.

त्या दिवसांत डोक्यात जे चाललं होतं ते मला आजही नीट मांडता येत नाही. मी उपासना सोडली म्हणून हे झालं का? तसं असेल तर ते सुरू झालं तेव्हा मी दर रविवारी जात होते, त्याचं काय? मी प्रार्थना करायला गेले की शब्दच मनात यायचे नाहीत, आकडे यायचे. एक, दोन, तीन. त्यात मंडळीतले एक काका काचेजवळ येऊन प्रवीणला म्हणाले, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण बहिणीनं प्रभूचं घर सोडलं ना, म्हणून इशारा आहे हा." ते माझ्यापर्यंत पोचलंच. आयसीयूत सगळं ऐकू येतं.

भेटीची वेळ संध्याकाळची, आणि दोनच माणसांना आत सोडायचे. सोनवणेबाईंनी त्याचीही यादी केली होती. रोज दोघं येत. बोलायचं नाही, रडायचं नाही, हिला बोलायला लावायचं नाही, असे त्यांचे नियम. मला काही सांगायचं तर लिहिता यावं म्हणून त्यांनी नातवाची जुनी पाटी आणून ठेवली होती. लोक यायचे, माझ्या पायाशी उभे राहायचे, हळू आवाजात प्रार्थना करायचे. मला आमेनही म्हणता यायचं नाही. तर ते माझंही आमेन म्हणायचे. दोन वेळा. एक त्यांचं, एक माझं. हे कुणी सुरू केलं मला माहीत नाही. "घेतलीय का काय" म्हणणारा आवाजही एका संध्याकाळी माझ्या पायाशी येऊन उभा राहिला. त्या माणसाला कदाचित आठवतही नसेल. त्यानंही दोनदा आमेन म्हटलं. मला त्याचा राग यावा की नाही ते ठरवता आलं नाही.

पाळकसाहेब आले त्या दिवशी मी पाटीवर लिहिलं: मी आले नाही म्हणून का?

त्यांनी ते वाचलं. "मला माहीत नाही, ताई," ते म्हणाले. "पण देव हजेरीपट घेऊन बसलाय, असं मला तरी वाटत नाही."

त्यांच्याबरोबर सोनवणेबाई होत्या. बोलायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःच मोडला. "तो नसेल ठेवत. मी ठेवते," त्या म्हणाल्या. "यादीतून हिचं नाव काढा म्हणणारे होते दोघं-तिघं. मी म्हटलं, का? मेली का ती?"

मी पाटी पुसून लिहिलं: भांडायला आला होतात ना त्या दिवशी?

"हो," बाई म्हणाल्या. "आणि चांगलं कचकचून भांडणार होते."

हे मी फार दिवस मनात घोळवलं आहे. त्या प्रेमानं आल्या नव्हत्या. रागानं आल्या होत्या. यादीत नाव होतं म्हणून आल्या होत्या. माझा आवाज त्यांना वर्षानुवर्षं मागच्या बाकावरून ऐकू येत होता, म्हणून त्यांना फरक कळला. एकदाच भेटणाऱ्या कुठल्याही हुशार डॉक्टरांना तो कळणं अवघड होतं. मग मला वाचवलं ते कशानं? बाईंच्या रागानं, गोळीनं, अनोळखी लोकांच्या रक्तानं, की आमेननं? माझ्या मनात याची वेगवेगळी खाती पडत नाहीत. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला औषधाचं सांगता येईल. बाकीचं तुम्ही ठरवा. पण ती यादी करणारी बाई सोडू नका."

चौथ्या दिवशी मी एका श्वासात सतरापर्यंत मोजलं. सहाव्या दिवशी सव्वीस. नळी निघाली. नवव्या दिवशी घरी आले.

घरी आल्यावर खरी भीती सुरू झाली. चर्चला जायचं तर कशासाठी? वाचता येणार नव्हतं. गाणं दोन कडव्यांपुरतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की आजार ताब्यात राहील, पण थकवा येतच राहील. "स्नायू वापरा, थांबा, पुन्हा वापरा. एका दमात काही करू नका." सलग शास्त्रवाचन म्हणजे एका दमाचं काम. ते गेलं म्हणजे मंडळीतलं माझं कामच गेलं. नुसतं जाऊन बसायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. आईला ते येत होतं. तिनं आयुष्यभर नुसतं बसून ओठ हलवले होते आणि मला वाटायचं की खरी उपासना मी करतेय, ती फक्त ऐकतेय.

दोन महिन्यांनी गेले. प्रवीण बरोबर होता. माझ्या बाकावर माझी जागा रिकामी होती, आणि मागे बाई. "सलाम," मी म्हणाले आणि हसले. गोळी घेऊनच निघाले होते, त्यामुळे नीट हसले. बाईंनी चष्म्यावरून चेहरा तपासला आणि म्हणाल्या, "पास."

उपासनेच्या आधी पाळकसाहेब माझ्याजवळ आले. "ताई, आज उत्तरवाचन तुम्ही घ्या."

उत्तरवाचन म्हणजे स्तोत्र दोन बाजूंनी वाचायचं. एक ओळ पुढे उभा असलेला वाचतो, पुढची ओळ सगळी मंडळी मिळून वाचते. मग पुन्हा एकटा, पुन्हा मंडळी. मी घाबरून नाही म्हणाले.

मागून बाईंनी पाठीला बोट टोचलं. "एक ओळ वाचायची, एक ओळ थांबायचं. डॉक्टरीण काय म्हणाली होती? वापरा, थांबा, वापरा. अगं, तुझ्यासाठीच केल्यासारखं आहे."

मी उभी राहिले. पहिली ओळ मी वाचली. दुसरी मंडळीनं. त्या वेळात माझी जीभ विसावली. तिसरी मी, चौथी मंडळीनं. लहानपणापासून मी हे शेकडो वेळा केलं असेल, पण मंडळीची ओळ ही माझ्या श्वासाची जागा आहे हे कधी जाणवलं नव्हतं. मी माझी ओळ कधी येते याचीच वाट बघत असायचे. त्या दिवशी मी त्यांच्या ओळीची वाट बघत होते.

नवव्या ओळीपर्यंत बरं चाललं. अकराव्या ओळीला, थोडी घाई केली म्हणा किंवा भरून आलं म्हणा, आवाज नाकात गेला. डावीकडची अक्षरं दुहेरी झाली. मी अर्ध्या ओळीवर थांबले. मला त्या रविवारचं हसू आठवलं.

कोणी हसलं नाही. मग मागच्या बाकावरून एकटीचा, खणखणीत, वर्गावर घ्यायचा आवाज आला. बाईंनी माझी उरलेली ओळ वाचली. ती संपेपर्यंत आणखी चार-पाच जण त्यात आले होते. मग मंडळीनं आपली ओळ वाचली. मग माझी पुढची ओळही तेच वाचू लागले, कुणी न सांगता. मी पुढे पुस्तक धरून उभी होते आणि आवाज नव्हता, तरी स्तोत्र चाललं होतं.

माझे ओठ हलत होते. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी आईसारखीच उभी होते.

मला अजूनही पुष्कळ गोष्टी कळलेल्या नाहीत. गोळ्या किती वर्षं, ते माहीत नाही. हे माझ्याच वाट्याला का, ते माहीत नाही, आणि विचारायचं मी अजून सोडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी उपासनेला जायचं थांबवलं असेल, काही खुपलं म्हणून, कुणी बोललं म्हणून, तर मी तुम्हाला उपदेश करू शकत नाही. मला जे खुपलं होतं ते खरंच होतं. एवढंच सांगते, की डॉक्टरांची वेळ संध्याकाळची घ्या, आणि ज्या बाकावर तुमचा आवाज ओळखीचा आहे तिथं जाऊन बसत राहा. आपण कधी फर्स्ट पीस असतो, कधी लास्ट. दोन्ही बघितलेलं कुणीतरी असावं लागतं.

त्या रविवारी स्तोत्राच्या शेवटच्या दोन ओळी आल्या तोपर्यंत मी पुरेशी थांबले होते. माझी ओळ मी वाचली. मागून कुणीतरी दोनदा आमेन म्हटलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं.